सातुर्नीनोची शेवटची बाटली

स्पेनमधल्या लाबास्तिदा गावच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"फेलिसा, नवऱ्याच्या हातची वाइन अजून उघडली नाहीस?"

"एकच बाटली उरलीय गं. सातुर्नीनोने तुडवलेली शेवटची द्राक्षं."

"अगं, पण ही आपली ताजी लाल वाइन! पिंपात मुरवलेली थोडीच आहे? वर्षाच्या आत प्यायची, नाहीतर व्हिनेगर होईल."

"होऊ दे. सॅलडवर थेंब थेंब घालून पुरवीन."

"वेडी! आणि तो ताज्या फळांचा वास?"

"त्या वासासाठीच तर बूच काढवत नाही. द्राक्षं तुडवायच्या दिवसांत, ऑक्टोबरभर त्याच्या शर्टांना तोच यायचा."

"मग शर्ट हुंग, बाई, आणि बाटली आपण दोघी पिऊ."

"तो गेल्यावर माणसं भेटायला येणार म्हणून मीच सगळे शर्ट धुऊन टाकले गं."