टॉर्चची खुंटी डावीकडे

मंडळी, बसा. मावश्यांनो, तुम्ही उन्हात नका बसू, ताडपत्रीखाली या. आबा, ती खुर्ची हलते, भिंतीला टेकवून घ्या.

या वर्कशॉपसमोर एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. गाड्या बघितल्या होत्या. मला बोलता येतं असं सगळे म्हणतात. एसटीत शेजारी कोणीही बसो, उतरेपर्यंत मला त्याचं गाव, पीक, पोरांची लग्नं सगळं माहीत होतं. पण मामाच्या फोटोशेजारी उभं राहून बोलायचं म्हणजे जीभ जड होते. त्यात हा फोटो. यात मामा हसतोय. माझ्याकडं बघून तो कधी असा हसला नाही. फोटो रुबीनानं काढलाय.

बघा, सुरुवातीलाच तिचं नाव आलं.

काही जण मला ओळखत नसतील. मी योगेश, विलासभाऊंचा भाचा, आंदर मावळातला. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. रुबीनाची ओळख करून द्यायला नको. वराळ्याची, जिच्या अब्बांचं कामशेतला भांड्यांचं दुकान आहे ती. तिला तुम्ही सगळे ओळखता. मामा गेला त्या दिवशी लोक मामीला भेटले की पुढं रुबीनाला भेटत होते. तिच्या डोक्यावर हात ठेवत होते. मला म्हणत होते, पोरा, जरा पाणी आण. मी आणलं. पाणी आणायचं काम वाईट नाही. पण भाचा मी आहे ना?

असो. मामा काय करायचा ते मावश्यांना सांगतो, कारण माझ्या आईला अजून वाटतं तिचा भाऊ सायलेन्सर बनवायचा. इंजिनमधून तापलेला धूर चार तोंडांनी बाहेर येतो. त्या चार वाटा एकत्र करून टर्बोपर्यंत न्यायच्या असतात. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनला जास्तीची हवा देतो. त्या चार वाटांचा जो नळ्यांचा गुंता, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. ज्यांना टर्बो हौसेनं बसवायचा असतो, त्यांना मॅनिफोल्ड बाजारात तयार मिळत नाही. प्रत्येक गाडीची जागा वेगळी. मग वाकवलेल्या पाइपाचे तुकडे कापायचे, जुळवायचे, जागच्या जागी राहावेत म्हणून वेल्डिंगचे बारीक टाके मारायचे आणि मग पुरं जोडत न्यायचं. पुण्या-मुंबईहून लोक यायचे मामाकडं. लोणावळ्याला जाताना चिक्कीसाठी थांबतात ना, तसे हितं थांबायचे. चिक्कीवरून आठवलं, मी एक सीझन चिक्कीच्या दुकानात होतो. गुळाचा पाक कधी उतरवायचा हे तिथला म्हातारा वासावरून सांगायचा. मी नेहमी लवकर उतरवायचो.

मामाकडंही माझं तेच झालं.

वेल्डिंगची जी दांडी हातात धरतात तिला टॉर्च म्हणतात, तिच्यातून उजेडाबरोबर गॅस येतो. तापलेल्या जोडाला बाहेरची हवा लागू नये म्हणून. उजेड विझला तरी थोडा वेळ गॅस येत राहतो, आणि तेवढा वेळ टॉर्च तिथंच धरायचा असतो. मी धरायचो नाही. विझला की हात वर, तोंडावरची काच वर, आणि बघायचो कसं झालं. जोड काळा पडलेला. मामा म्हणायचा, "आरं, उजेड गेला म्हंजी काम संपलं व्हय? तापल्यालं हाय अजून ते. हात तितंच ऱ्हाऊ दे." कितीदा म्हणाला असेल. हात तितंच ऱ्हाऊ दे. माझा हात राहिला नाही आणि मीही राहिलो नाही. गोव्याला गेलो, कोल्हापूरला गेलो, एका ट्रकबरोबर पार हुबळीपर्यंत गेलो. परत यायचो, आठवडाभर पाइप घासायचो, पुन्हा जायचो.

असाच एकदा परत आलो तर माझ्या स्टुलावर रुबीना. डाव्या हातात टॉर्च. मी हसलो. म्हटलं, मामा, डावखुरी पोरगी ठेवलीस? मामानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं जोड पुरा केला, उजेड विझला आणि तिचा हात तिथंच. मी मनात म्हणत होतो, आता उचलेल, आता उचलेल. नाही उचलला. मग मामा वाकला. जोडावर सोनेरी-जांभळी झाक आलेली. मामा म्हणाला, "ब्येस जमलं."

ब्येस जमलं. दोन शब्द. मंडळी, मी एवढा हिंडलो, मला वाटेत काय काय मिळालं, पण ते दोन शब्द कुठं मिळाले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. मामी खुणावतीय.

माझ्यामागं शटर उघडं आहे. टेबलावर मामाचा शेवटचा मॅनिफोल्ड आहे. सगळे तुकडे जुळवलेले, टाके मारलेले, जोडायचे राहिलेले. गाडी आत उभी आहे आणि तिचे मालक तिकडं कोपऱ्यात बसलेत. साहेब, तुम्ही पुण्याहून आलात आणि गाडीचा विषयसुद्धा काढला नाहीत, हे लक्षात राहील. त्यांची इच्छा एवढीच, की हे काम मामाच्या टेबलावर पुरं व्हावं. मामीनं काल वर्कशॉपची चावी माझ्या हातात दिली. म्हणाली, जो हे पुरं करील त्याच्याकडं चावी राहील. कोण ते तू ठरव आणि उद्या सभेत सगळ्यांसमोर सांग.

मी तेव्हाच ठरवलं होतं. मी. दुसरं कोण? रक्ताचा कोण आहे?

काल दुपारी शटर उघडलं आणि स्टुलावर बसलो. टॉर्च घ्यायला उजवीकडं हात नेला, तर तो टांगायची खुंटी तिथं नाही. खुंटी डावीकडं. स्क्रू नवे, चकाकणारे. म्हटलं, राहू दे. टॉर्च उजव्या हातात घेतला आणि मधल्या दोन नळ्यांच्या बेचक्यात न्यायला लागलो. कोपर भिंतीला. स्टूल सरकवलं. कोपर पुन्हा भिंतीला. टेबल जमिनीला बोल्टनं जखडलेलं. सगळं काम अशा कोनात लावलेलं, की बेचक्यात फक्त डावा हात शिरेल. मामा जन्मभर उजव्या हातानं काम करत आला. मला वाटलं, आजारपणात चुकला.

मी मामीला हाक मारली. म्हटलं, हे कोणी फिरवलं? मामी दारातच उभी राहिली. म्हणाली, "त्यांनीच. छातीत दुखायला लागल्यावर. मी म्हनलं, उजव्या हाताला अडचन व्हईल की. तर म्हनले, व्हय, मला व्हईल."

मला व्हईल.

मंडळी, मला दुःख व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. मी जळलो. आपण हे पुरं करणार नाही, हे त्या माणसाला कळलं होतं. दुखत्या छातीनं तो टेबल फिरवत होता, स्क्रू पिळत होता, आणि ते कोणासाठी? जाताना माणूस कोणाची आठवण काढतो? माझ्यासाठी एक खिळा तरी ठोकला का त्यानं कुठं?

हे मी आत मोठ्यानं बोललो. मामीनं ऐकलं. ती म्हणाली, "हेडकडं बघ."

मॅनिफोल्ड जोडताना वाकू नये म्हणून मामा तो एका जुन्या इंजिनच्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या जड ठोकळ्यावर, बोल्टनं आवळायचा. इथला प्रत्येक मॅनिफोल्ड त्याच हेडवर बनलाय. ते हेड मी आणलंय. कोल्हापूरच्या भंगारातून, पोत्यात घालून, एसटीनं. कंडक्टरनं त्याचं तिकीट लावलं, त्यावरून आमची सातारा येईपर्यंत भांडणं. मामानं तेव्हा त्याच्यावरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "ह्ये कुटनं आनलंस?" ब्येस नाही म्हणाला. पण दुसरं हेड कधी घेतलंही नाही.

रुबीना, तू गॅसच्या टाकीमागं का उभी आहेस? पुढं ये. ही चावी घे.

आनंदानं देत नाही, हे सगळ्यांसमोर सांगतो. तुझा हात तिथं राहतो, माझा राहत नाही, म्हणून देतोय. उद्या तू जोडायला बसशील तेव्हा मी दारात उभा राहून जळणार आहे, आणि तू माझ्याकडं बघून हसायचं नाहीस. माझं एकच मागणं आहे. हेड माझं आहे. सगळे जोड झाल्यावर बोल्ट मी सोडणार. पण कधी सोडायचे ते तू सांगायचं. थंड झालं म्हणालीस की मगच. तोवर मी पान्याला हात लावणार नाही. आई, तू हसू नकोस, मी थांबणार आहे.

मंडळी, आता मामासाठी सगळे शांत उभे राहू. दोन मिनिटांचं घड्याळ कोणी लावू नका. मामाचा उजेड विझलाय. तापलेलं आहे अजून. मीही आज हितंच उभा राहतो.

रुबीना सांगेल तेव्हा बसू.