आईच्या चुलीतले दगड

मांगारेवा बेटाच्या धक्क्यावर ताहितीला जाणारी बोट लागली होती. रांगेत माझ्यामागे म्हातारी रुईता धाकट्या भावाला निरोप देत होती.

“तेपानो, पलीकडच्या एका ओसाड बेटावर म्हणे जुन्या चुली सापडल्या. तिथली माणसं का सोडून गेली, तेच संशोधकांना उमगत नाही.”

“पाणी आटलं असेल, ताई.”

“छे! तुझ्यासारखीच म्हणाली असतील, नीरफणस पिकला की येतो परत.”

“मी खरंच येणार आहे. लेकाकडे जरा राहतो, एवढंच.”

“मग पिशवी एवढी जड कशी?”

“कपडे आहेत.”

“कपडे खडखडतात होय रे? भुईचुलीच्या खड्ड्यात तापवायचे दगड घेऊन चाललास!”

“आईच्या चुलीतले आहेत, ताई. कितीही तापवा, फुटत नाहीत.”

“ठाऊक आहे. म्हणूनच हा सगळ्यात मोठा मी ठेवून घेते. याच्यावाचून तुझी चूल तापायची नाही. येशील झक मारत.”