काकू बुडू नयेत म्हणून

मंडळाच्या सन्माननीय अध्यक्ष शोभाताई, प्रमुख पाहुणे डॉक्टर प्रल्हाद, व्यासपीठावर नाकाखाली मास्क घेऊन बसलेले आजचे सत्कारमूर्ती विश्रामकाका पाटणकर, आणि दारात लसीचं सर्टिफिकेट दाखवून, क्यूआर कोड स्कॅन करून, तरीही चक्क वेळेवर आलेल्या टार्निटकर बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी अवधूत. काकांची लेक चिन्मयी हिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक लाकडी कुंपण आहे, आणि लॉकडाऊनमध्ये काका त्या कुंपणावर कोपर टेकून राहात होते, असं म्हटलं तरी चालेल. शोभाताईंनी मला मोजकं बोलायला सांगितलं आहे. मी प्रयत्न करतो, ताई, पण माणूस मोजका नाही, त्याला मी काय करू?

काका २०२०च्या फेब्रुवारीत नातीला बघायला पुण्याहून सातासमुद्रापार इथे टार्निटला तीन महिन्यांसाठी आले. नीलाकाकूंच्या आईंची तब्येत बरी नव्हती, म्हणून काकू पुण्यातच थांबल्या. पुढचं सभागृहाला ठाऊक आहे. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द झालं. आज डिसेंबर २०२१. पाहुण्याला निरोप द्यायला इतका उशीर आपल्या मंडळाने यापूर्वी कधी केला नव्हता.

मला सांगायचं आहे ते यंदाच्या गणपतीचं. मागच्या वर्षी काकांनी विसर्जन बादलीत केलं. काकूंनी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, कपडे भिजत घातल्यासारखं वाटलं मला. यंदा नीट पाण्यात करा. मला दाखवा. आणि पाट रिकामा घरी आणू नका." विसर्जनाहून येताना तिथली चिमूटभर माती पाटावर घेऊन यायची, ही आपल्या घराघरातली रीत. पाटही साधा नव्हता, चिन्मयीच्या लग्नात काकूंनी दिलेला छोटा शिसवी पाट होता तो. लग्नानंतर मागच्या वर्षापर्यंत काकूंशिवाय काकांनी कधी विसर्जन केलं नव्हतं, ते आता दुसऱ्यांदा करायचं होतं. काकूंना ते डोळ्यांनी दिसावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

आपल्या मागच्या तळ्याशी पाण्यात उतरू नका अशी पाटी आहे, आणि काकांच्या गुडघ्यांवर चिन्मयीचीही तशीच पाटी आहे. मग काकांनी जाहीर केलं की आपण रिमोटवर चालणारी होडी करू. वर पाट, पाटावर बाप्पा, शेजारी काठीला उंच बांधलेला फोन, फोनवर काकू. मध्यावर गेलं की बटण दाबायचं, पाट तिरका होईल, बाप्पा पाण्यात जातील, होडी पाट घेऊन परत. फोन कोणाचा? माझा. म्हणजे होडी बुडाली तर पाट, फोन आणि काकू, तिन्ही एकदम तळाला. त्यामुळे सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर आला. होडीच्या पोटात फोम कुठला भरायचा?

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी अडवण्याचा अनुभव दांडगा, पाण्यावर तरंगण्याचा अजिबात नाही. पहिल्यांदा त्यांनी जुनी उशी फाडून तिच्यातला फोम भरला. बाप्पांच्या जागी तूरडाळीचं पाकीट ठेवून चिन्मयीच्या बाथटबमध्ये चाचणी घेतली. फोमने बाथटबमधलं पाणी आनंदाने पिऊन टाकलं आणि डाळ भिजली. त्या रात्री वरण होतं, असं ऐकतो.

मग कोणीतरी थर्मोकोल सुचवला. तो सल्ला कुणाचा होता, हे सांगणं समारंभाच्या शिष्टाचारात बसत नाही. पण आपल्यातल्या कोणी लहानपणी थर्मोकोलचं मखर कोरलेलं नाही? थर्मोकोल म्हटलं की आपण सगळे तज्ज्ञ. पाणी शिरू नये म्हणून काकांनी वरून फायबरग्लासचं रेझिन ओतलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत थर्मोकोल चरचरत विरघळला. काका शांतपणे म्हणाले, "हे तर आधीच विसर्जन झालं."

तिसऱ्यांदा आले पोहण्याच्या तलावातले ते रंगीत नूडल्स, म्हणजे पोहायला शिकताना मुलं धरतात त्या फोमच्या लांब नळ्या. पाणी पीत नाहीत, विरघळत नाहीत, चाकूने कापता येतात. काकांनी सगळे तळाला ठासले. होडी बुडाली नाही, खरं आहे. फक्त उलटी झाली आणि पोट वर करून तरंगत राहिली. खाली हलकं आणि वर जड, मग दुसरं काय होणार? तेव्हा कुठे आम्हाला उमजलं की फोम तळाला नाही, वर दोन्ही काठांना लावायचा. होडीला दोन गुलाबी नूडल्स लागले, आणि ती अशी ठाम तरंगली की काकांनी कुंपणावरून माझ्याशी हात मिळवला. दीड मीटरचा नियम आम्ही दोघांनी तेवढा एकदाच मोडला.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही दोघंच गेलो, कारण लॉकडाऊनमध्ये बाहेर पडायला फक्त व्यायामाचं निमित्त चालायचं, आणि तेही दोघांनाच. मूर्ती काकांनी अंगणातल्या मातीची केली होती. आपल्या टार्निटच्या मातीत कोथिंबीर येत नाही, पण बाप्पा सुरेख आले. आरती झाली, होडी निघाली, मध्यावर पोचली. काकांनी बटण दाबलं. पाट तिरका झाला आणि बाप्पा जागचे हलले नाहीत! ही माती बुटाला लागली तर आठवडाभर निघत नाही, आणि आम्ही मूर्ती ओली असतानाच पाटावर बसवली होती. सगळा भार एका बाजूला गेला, होडीत पाणी शिरलं, मोटर बंद पडली. काका ओरडायला लागले, "नीला! नीला, घाबरू नकोस!"

तेवढ्यात एक जॉगर थांबला. "You right, mate?" काका त्याला इंग्रजीत म्हणाले, "My wife is in that boat." तो भला माणूस बूट काढायला लागला हो! त्याला आवरता आवरता माझा व्यायाम तेवढा झाला.

आणि तेवढ्यात पाण्यावरून काकूंचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "अहो, ओरडू नका. बसू द्या त्याला. त्यालाही फ्लाइट मिळत नसेल."

काका हसले. मग हसता हसता रडले, आणि मीही रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे? होडी पाण्यानं भरली होती, पण नूडल्सनी तिला खाली जाऊ दिलं नाही. बाप्पा तिथेच, पाटावर बसल्या बसल्या, हळूहळू विरघळत गेले, आणि काकू शेवटपर्यंत बघत राहिल्या. मधे दोघं बोलत होते. काय बोलत होते ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण सांगणार नाही. मग वाऱ्यानं होडी आमच्या काठाला आणून लावली. फोन चालू होता, आणि पाटावर मूठभर ओली माती होती. काका तो पाट दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी गेले, आणि त्यांच्या नव्या शर्टाची काय अवस्था झाली ते चिन्मयीला विचारा.

काका, उद्या तुमचं विमान आहे आणि या वेळी ते खरंच उडणार आहे. बाप्पांना निरोप देताना आपण सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून गळा काढतो. तुम्हाला मात्र मी तसं म्हणणार नाही. तुम्ही मुळीच लवकर येऊ नका. आधी काकूंजवळ नुसते बसा, कितीही दिवस. कुंपणाचं आम्ही बघतो.

मंडळाने मला बोलू दिलं, चिन्मयीने तिचे वडील इतके दिवस आम्हाला वापरू दिले, आणि आपण सर्वांनी चहा निवत असतानाही ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा राखायला नको तिथे राखला गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. नमस्कार.