एका काळ्या गोटीवर अडलेली खोली

मंडळी, बसा. फोटोला हार घालून झाला, आता मला बोला म्हणताय. काय बोलू? भूपालअण्णा गेला, त्याचं दुःख हायच. पण दुःखापेक्षा डोकं जास्त तापलंय.

माझ्याआधी बोलले ते म्हणाले, अण्णांचा संग्रह म्हणजे कडेगावची शान. आवं, ही शान कवा कळली तुमाला? अण्णा हुता तवा तुमीच हसत हुता. "हळदीचा व्यापारी, आणि सारखा लॉजवर जातोय!" वहिनींच्या कानावर जाईल असं बोलत हुता. कसलं लॉज, ते समद्यांना ठाऊक हुतं. गोऱ्या साहेबाच्या काळात गुप्त मंडळ्या हुत्या. एकमेकांना भाऊ म्हणायच्या, दार लावून विधी करायच्या. त्यांच्या बैठकीच्या जागेला लॉज म्हणत. तिथले कातड्याचे एप्रन, पदकं, लाकडी हातोडे, विधीच्या तलवारी अण्णा गोळा करायचा. मी फौजेत महूला हुतो, तवा ह्याचा फोन यायचा, "गड्या, मिठाई नको आणूस. भंगारबाजार बघून ये."

मी एकदा विचारलं, "अण्णा, परक्यांचं हे कशाला रं?" म्हणाला, "परकी माणसं भाऊ म्हणवून घ्यायला एवढा थाट करत हुती, आणि आपल्याकडं सख्खे भाऊ बांधावरनं कोर्टात जात्यात. पोरांनी बघायला नको?"

म्हणून त्यानं सभासदांच्या बैठकीत ह्या वाचनालयाची वरची खोली मागितली. संग्रह मांडायला. तोंडावर न्हाई म्हणायला कुणी धजेना. मग अण्णानंच संग्रहातली मतपेटी आणली. पांढरी गोटी म्हणजे व्हय, काळी म्हणजे न्हाई. पेटीत हात घालून टाकायची, कुणाची कुठली ते कळत न्हाई. आणि नियम त्या मंडळ्यांचाच, एक जरी काळी निघाली तरी विषय संपला.

एक निघाली.

अण्णानं पेटी काखेत मारली. "नियम म्हणजे नियम," म्हणाला आणि घरी गेला. परत कवा त्यानं खोलीचं नाव काढलं न्हाई.

तवापासनं मी त्या काळ्या गोटीवाल्याला शिव्या घालतोय. काल आबा माझ्याकडं आले. हे पुढं बसलेत ते, वाचनालयाचे सगळ्यात जुने सभासद. रडत म्हणाले, "मीच टाकली रं. एवढं चांगलं काम, समद्या पांढऱ्याच पडणार, म्हटलं दिष्ट लागंल. लेकराच्या गालाला तीट लावतो, तशी एक काळी टाकली. मला वाटलं, जास्त ज्या पडतील त्याच जिंकत्यात."

आबा, मान खाली घालू नका. तुमच्यावर माझा राग न्हाई.

राग हाय तो बाकीच्यांवर! पांढऱ्या टाकून हात झटकलेत. एकानं तरी म्हणायचं, अण्णा थांबा, परत टाकू. कुणी म्हणालं? चपला घालताना जो तो माझ्या कानाला लागला, "मी तर पांढरी टाकली हुती." अरं, मग आत असताना तोंडाला काय झालं हुतं? बरंच झालं, परस्पर सुटलो, असंच वाटलं ना तुमाला? वर जाऊन बघा, त्या खोलीत मोडक्या खुर्च्या पडल्यात. आणि अण्णा आजारी पडला, तर खाटेभोवती संग्रहाची खोकी. वहिनी त्यातनं वाट काढत त्याला पाणी देत हुत्या. लाज वाटती मला सांगायला.

उद्या संग्रह उचलायला मुंबईचा व्यापारी टेंपो घेऊन येतोय. वहिनींनीच बोलावलाय. त्या बाईनं दुसरं काय करावं, सांगा की!

आता अध्यक्ष म्हणत्यात, दोन मिनिटं शांत उभं राहू. न्हाई, अध्यक्ष. अण्णाच्या बाबतीत हे लोक लय दिवस शांतच हायत. उभं राहा, पण गप्प राहू नका. पेटी नको, गोटी नको. वहिनी हितं बसल्यात. त्यांच्याकडं बघून, तोंड उघडून सांगा, खोली देणार का न्हाई.

आबा, उठा. पहिलं तुमी बोला.