बियाणं कुणी राखलं?

“हॅलो? … हॅलो, वन्सं? म्याच हाय वो. … न्हाई न्हाई, समदी बरी हाईत. आदी मला सांगा, तुमच्याकडं लाईट हाय ना? … आन् टीव्ही? … चालू हाय? बंद करू नगा!”

लाईट गेली ती नेमकी त्या प्रश्नावर. शेतीच्या कार्यक्रमातल्या मुलीनं फुलाबाईच्या नवऱ्यासमोर, हनुमंतासमोर, माईक धरून विचारलं होतं, हे जुनं वासाचं भात आता खोऱ्यात कुठंच उरलं नाही, मग तुमच्या घरात हे बियाणं कुणी राखलं? हनुमंतानं तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. घर, अंगण, समोरचा डोंगर एकाच अंधारात विरघळले. वरव्याला दिलेल्या थोरल्या नणंदेला, धोंडाबाईला, फोन लावताना फुलाबाईचा अंगठा चुकत राहिला.

“व्हय, व्हय… दिसले ना तुमचे भाऊ? … बारीक? अवो, टीव्हीत उलटं जाड दिसत्यात म्हनं मानसं. … जेवत्यात की वो! … शर्ट? धुतलेलाच हुता. … इस्त्री? वन्सं, खाचरात इस्त्री करून कोन उभं ऱ्हातंय! … बरं, चुकलं माजं. पन म्या काय इचारतेय…

“ते हितं कुठं? टीव्हीम्होरं बसलेच न्हाईत. सुरू झालं तशी चरवी घेतली आन् गेले म्हशीची धार काढाया. … लाजत्यात का काय, कुनाला ठावं. किती दिस इचारतेय, काय सांगितलं त्या पोरीला? तर म्हनत्यात, लागंल तवा बघ. … आता लाईटीलाच न्हाई पटलं, त्याला म्या काय करू?”

शूटिंगच्या दिवशी ती पाहुण्यांसाठी चहाची किटली घेऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. वारा उलटा होता; शब्द तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो ते ओढ्याकडे घेऊन जात होता. तिला दिसलं ते इतकंच, की हनुमंत बोलता बोलता थांबला आणि मग मान खाली घालून काहीतरी म्हणाला. तेव्हापासून ते ‘काहीतरी’ तिच्या मनात कुसळासारखं सलत होतं.

“मग? तिनं इचारलं ना, बियानं कुनी राखलं? … म्हशी नंतर दावल्या आसतील, वन्सं. त्याच्या आदीचं सांगा. … डोंगर बी ऱ्हाऊ द्या! … तवा तुमी चुलीपाशी गेला हुता? आत्ता तर म्हनालात, जागची हालले न्हाई म्हनून!”

वन्सं का टाळत होत्या, हे फुलाबाईला ठाऊक होतं. घरात सगळे त्या भाताला ‘आईचं भात’ म्हणत आले होते. आई म्हणजे सासू. खरं तर ते फुलाबाईच्या वेल्ह्याच्या माहेरून, लग्नानंतर, तिच्यासोबत गाडग्यातून आलेलं. नव्या वाणांनी सारं खोरं भरून गेलं तेव्हाही ओढ्याकडचं एक खाचर तिनं हट्टानं त्याच्यासाठीच ठेवलं. कणगी शेणानं लिंपली, बी झाकलं आणि गप्प राहिली. सासू होती तोवर बोलायची सोय नव्हती, आणि ती गेल्यावर बोलणं बरं दिसलं नसतं.

“आत्याबाईंचं, तुमच्या आईंचं नाव घेतलं का? … घेतलं आसंल तर तसं सांगा. म्या काय रुसनार न्हाई. … न्हाई? … मग? … सांगा की, वन्सं! … हॅलो?

“काय म्हनाले? … ‘ह्ये आमच्या घरचं न्हाई’? … आसं म्हनाले? … ‘वेल्ह्याचं हाय’? … थांबा, वन्सं. थांबा जरा.”

 तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानावर तिचा विश्वास उरला नव्हता.

“हां, बोला. … तिनं परत इचारलं? कुनी आनलं म्हनून? … आन् ह्येंनी… नाव घेतलं? … माजं? … समद्या जगाम्होरं?”

हनुमंताच्या तोंडी ती आधी ‘अगं’ होती, मग ‘सोनियाची आई’ झाली. तिचं नाव माहेरीच राहिलं होतं, आईबापाच्या जिभेवर, आणि त्यांच्याबरोबरच ते निघून गेलं होतं.

“तुमाला वाईट वाटलं आसंल, कळतंय मला. … अवो, आत्याबाईंनी बी दरसाल त्याच भाताचा निवद दावला की. त्येंनी रांधलं, म्या पेरलं. येवढंच. … आता रडू नगा बरं. … येक सांगता का? कसं म्हनाले? … म्हंजी, फुला म्हनाले, का फुलाबाई? … हसू नगा वो! … आन् मोठ्यानं, का आपलं पुटपुटल्यावानी? … येकदा म्हना की, त्येंच्यावानी.”

पलीकडून ते नाव आलं. बहिणीचा आवाज भावासारखाच, थोडा घोगरा, शेवटाला खाली उतरणारा. फुलाबाईनं डोळे मिटून घेतले, अंधारातसुद्धा.

अंगणात चरवी खणकली.

“ठिवते, वन्सं. आले ते. … न्हाई न्हाई, मला सांगितलं म्हनून त्येंना बोलू नगा! … हां. ठिवते.”

हनुमंत दारात येऊन थबकला. काय दाखवलं, हे विचारणं त्याच्यानं होईना. तो नुसताच खाकरला.

“लाईट गेली वो ऐन टायमाला,” फुलाबाई म्हणाली. “काय बी ऐकाया मिळालं न्हाई. आता तुमीच सांगा, काय म्हनालात ते.”