एका रजईपुरती ऊब

कोरियातल्या जेचनच्या बसथांब्यावरचा बाक विजेवर तापतो, म्हणून थंडीत त्यावरून कुणी लवकर उठत नाही. माझ्या शेजारी बाजाराच्या पिशव्या घेऊन दोन बायका बसल्या होत्या. थोरलीने विषय काढला.

“काय गं मिनग्युची आई, नवऱ्याने घरात जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप स्वतःच घातले म्हणे?”

“घातले ना ताई. कारागीर बोलवू म्हटलं, तर म्हणाले, मला काय हात नाहीत?”

“मग तापते का जमीन?”

“तापते. एका रजईपुरती.”

“म्हणजे गं?”

“लहानपणी चुलीची धग जमिनीखालून जायची, तेव्हा चुलीकडची जमीन कशी चटका द्यायची, तशी हवी होती त्यांना. म्हणून एका कोपऱ्यात पाइप दाटीवाटीने घातले. पुढे पुरलेच नाहीत. बाकीचं घर नुसतं बर्फ.”

“मग तिथे झोपतं कोण? उबेची जागा मोठ्या माणसाची.”

“हे म्हणतात, मी मोठा. मी म्हटलं, भात गरम राहावा म्हणून भांडं रोज मी तिथे रजईखाली ठेवते, जागा माझी.”

“पण तुम्ही तर सणात भांडल्यापासून वेगळ्या खोल्यांत झोपत होतात ना?”

“त्या खोल्यांत आता तोंडातून वाफ निघते, ताई.”

“मग?”

“मग काय. एकच रजई. बोलत नाही अजून आम्ही.”

“अरे देवा. माझा भाचा हेच काम करतो, उद्याच पाठवते त्याला.”

“उद्या नको.”

“मग कधी?”

“थंडी सरून चेरी फुलली की पाठवा. घाई नाही.”