पिंपातलं मीठ

...आणि वर ती पोर मलाच म्हणते, "स्तामेन्का मावशी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून संशोधन चालतं!" अहो, ऐकवेना मला! पण तुम्हाला सांगते, मी मुद्दाम केलं नाही हो!

ही तियाना म्हणजे शहरातल्या मेडिकल कॉलेजची डॉक्टर, एवढीशी पोर. आमच्या गल्लीत दारोदार फिरून तिनं मिठाचे डबे वाटले. निम्म्या घरांना पांढऱ्या झाकणाचे, निम्म्यांना निळ्या. एकात साधं मीठ, एकात ब्लडप्रेशर उतरवणारं, आणि कुठलं कशात ते तिलाही ठाऊक नाही! "दोन वर्षं घरात दुसरं मीठ आणायचं नाही, मावशी." नाही आणणार म्हटलं! सही केली, छातीवर क्रूसाची खूणसुद्धा केली!

आणि मग आला ऑक्टोबर. आमच्या सर्बियात ऑक्टोबर म्हणजे कोबी! अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात पिंपात दाबायचे, तेव्हा कुठे हिवाळा निघतो. आता मला सांगा, साठ गड्डे, गल्लीभर माझं नाव, आणि मी त्या झाकणवाल्या मिठावर भरवसा टाकू? कोबी बुळबुळीत झाला असता तर? शेजारची रोसांदा टपूनच बसलेली, "काय गं स्तामेन्का, यंदा हात बिघडला वाटतं?" मरेन, पण हे ऐकून घेणार नाही! गेले बाजारात, आणलं जाडं मीठ, दिलं ओतून. एकदाच! म्हणजे... पुढच्या ऑक्टोबरला पण. पण मुद्दाम नाही हो!

बरं, कोबी काय एकट्यानं खायचा असतो? वाडगा इकडे, वाडगा तिकडे. रोसांदाला दिला, पाद्रीबाबांना दिला, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दिला... पांढरं झाकण, निळं झाकण, सगळ्यांच्या पोटात माझंच मीठ! आणि आमचे हे, झिवोयिन, रोज सकाळी त्या कोबीचं खारं पाणी पेलाभर पितात, रात्रीच्या रकियावर, म्हणजे फळांच्या दारूवर, उतारा म्हणून! तियाना दर महिन्याला प्रेशर मोजायची, विचारायची, "मावशी, आपलंच मीठ ना?" मी म्हणायची, "आपलंच!" मग? आपल्याच पैशांचं होतं की!

परवा आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि रडायलाच लागली. "मावशी, दोन्ही झाकणांत काही फरकच दिसत नाही. दोन वर्षं पाण्यात. सर म्हणतात, डॉक्टरेट विसर." आणि रडता रडता काय खात होती सांगू? माझ्याच कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून केलेली सारमा! "काय चव हो, मावशी!" सांगणारच होते, तर शेजारी बसलेल्या ह्यांनी टेबलाखालून लाथ मारली, कानाशी पुटपुटले, "गप गं! किती रडवशील पोरीला?"

मुद्दाम नाही केलं, पण केलं तर मीच ना! जीव खाल्ला त्या कोबीनं माझा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा दवाखाना गाठला, सांगून टाकायचं म्हणून. तोंड उघडते तर तीच, "मावशी! बरं झालं आलात! सर म्हणाले, लोकांनी नक्की थापा मारल्यात. आता नवा अभ्यास, पेशंट डॉक्टरशी खोटं का बोलतात! ह्यावर मिळेल डॉक्टरेट. पहिला फॉर्म भरवशाच्या माणसाचा हवा, तुमचाच!"

पहिलाच प्रश्न. डॉक्टरांशी कधी खोटं बोललात का?

बघितलं तिच्याकडे. डोळे रडून सुजलेले, आणि किती दिवसांनी हसत होती पोर... कुठल्या तोंडानं सांगू? 'कधीच नाही'वर खूण केली. काय करणार? हाही अभ्यास बिघडायला सुरुवात झाली ती माझ्याच हातून!